पॉवर स्टिअरिंगची कुळकथा

जुनी मोटार उभ्या जागी वळवण्यासाठी चालकाने स्टिअरिंगच्या चाकाला हात घालावा आणि चाक टोकाकडे जाऊ लागताच बॉनेटखालून एक लांबलेला, कण्हता सूर उमटावा, किंवा रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी तांबूस तेलाचा हातरुमालाएवढा डाग दिसावा, हे दोन प्रसंग ज्याने दहा-पंधरा वर्षे एकच गाडी बाळगली आहे अशा बहुतेक गृहस्थांच्या वाट्याला येतात. आणि दोन्ही प्रसंगी मालक गाडीच्या वयाला बोल लावून मोकळा होतो. वयाचा दोष त्यात आहेच. परंतु आवाज आणि गळती या दोन तक्रारी पॉवर स्टिअरिंगच्या वार्धक्यात जन्मलेल्या नाहीत. गळती कशी टाळावी या विवंचनेतूनच हे यंत्र आपल्याला ठाऊक असलेल्या रूपाला आले, आणि ती टाळण्यासाठी जी युक्ती योजली गेली तिच्याच पोटी आवाज आला. मिस्त्री लोक निदान करताना आधी कान का लावतात, मग तेलाची डबी का उघडतात आणि पान्याला हात सर्वांत शेवटी का घालतात, याचा उलगडा हा पूर्ववृत्तान्त कळल्यावाचून होत नाही.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत चाक फिरवण्याचे बळ जवळजवळ सर्वस्वी चालकाच्या खांद्यातून येत असे. पुढच्या आसावरचे ओझे वाढले की स्टिअरिंगच्या पेटीतील दात्यांचे प्रमाण वाढवावयाचे, म्हणजे हाताला जोर कमी पडतो, परंतु तेवढेच वळण घेण्यास चाकाला अधिक फेरे द्यावे लागतात; हा व्यवहार काही मर्यादेपर्यंतच परवडणारा होता. 1920 नंतर कमी हवेचे, रुंद, फुगीर टायर प्रचारात आले, प्रवास मऊ झाला आणि चाक मात्र पूर्वीपेक्षा जड झाले. मालवाहू ट्रकांची अवस्था तर फारच बिकट होती. कोलंबिया नावाच्या अमेरिकन पाच टनी ट्रकावर 1903 सालीच चाक वळवण्यासाठी विजेची स्वतंत्र मोटर बसवून पाहण्यात आली होती, यावरून ही निकड किती जुनी आहे ते दिसते. खड्ड्यात पुढचे चाक गेले असता त्याचा धक्का दांड्यांतून उलट चढत येऊन चालकाच्या मनगटाला हिसका देई, आणि दिवसभर अशी गाडी हाकणाऱ्या माणसाचे दंड रात्री उचलत नसत.

बफेलो शहरातील पिअर्स-ॲरो या नामांकित कारखान्याच्या ट्रक विभागात मुख्य अभियंता असलेल्या फ्रान्सिस डेव्हिस यांच्यासमोर हीच फिर्याद वारंवार येत होती. त्यांनी ती भरवशाची नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थॅम या गावी लहानशी कार्यशाळा थाटली, आणि जॉर्ज जेसप या कसबी यंत्रकारागिराला हाताशी घेऊन तेलाच्या दाबाने चाक वळवण्याचा उद्योग आरंभला. वॉल्थॅम हे घड्याळांच्या कारखान्यासाठी विख्यात गाव. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत धातू घासण्याचे कसब तेथील हवेतच होते असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

डेव्हिस यांच्या बुद्धीची खरी चमक मोटार वळवण्यापेक्षा झडपेच्या विचारात दिसते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या त्या काळच्या यंत्रांची रीत अशी होती की, पंपाने तेल दाबून एका टाकीत कोंडून ठेवावे, त्याच्या वाटेवर बंद झडप असावी, आणि काम पडेल तेव्हा ती झडप उघडावी. या रीतीत तेल चोवीस तास दाबाखाली असते. प्रत्येक सांधा, प्रत्येक वेष्टण, प्रत्येक नळीचे तोंड त्या दाबाशी अखंड झुंजत असते, आणि कोठे ना कोठे तेल वाट काढतेच. कारखान्यात बसवलेल्या यंत्राखाली परात ठेवून भागते, धावत्या मोटारीत तसे भागत नाही. डेव्हिस यांनी ही रीत समूळ उलटी केली. त्यांनी झडप मध्यावर उघडीच ठेवली. गाडी सरळ चालली असताना पंपातून निघालेले तेल त्या उघड्या झडपेतून विनासायास परत टाकीत येते, त्याला कोठे अडथळा नाही म्हणून त्याच्यात दाबही फारसा नाही. चालकाने चाकाला किंचित पीळ दिला की झडप केसभर सरकते, एका बाजूची वाट आवळली जाते, त्या बाजूला दाब चढतो आणि दट्ट्या चाकांना त्या दिशेने ढकलतो. हात सैल झाला की झडप आपल्या जागी परतते आणि दाब विरून जातो. जेवढी गरज तेवढाच दाब, आणि गरज असेल तेवढ्याच क्षणांपुरता. एवढ्या एका उलट्या विचाराने वेष्टणांवरचा भार पुष्कळच हलका झाला.

परंतु या युक्तीची एक अट होती आणि ती आजतागायत सुटलेली नाही. तेल सतत फिरते राहिले पाहिजे. इंजिन सुरू आहे तोवर पंप सुरू, पंप सुरू आहे तोवर तेल वाहते. वाहत्या तेलाला आवाज असतो, आणि तेलात हवा शिरली, तेल कमी झाले किंवा वाट अरुंद झाली की त्या आवाजाची जात बदलते. गळतीला आवर घालणाऱ्या रचनेने आवाजाला घरात कायमची जागा दिली ती अशी.

1926 साली डेव्हिस यांनी आपल्या पिअर्स-ॲरो गाडीला हे यंत्र बसवून ती डेट्रॉइटला नेली. जनरल मोटर्सच्या अधिकाऱ्यांनी ती चालवून पाहिली आणि करारमदार झाले. पुढे आठ वर्षे प्रयोग चालले; पण महामंदीने मोटारींचा खप बसवला, दर गाडीमागे पडणारा खर्च कंपनीला झेपेना, आणि 1934 साली तिने या प्रकरणावर पडदा टाकला. डेव्हिस यांचा मुख्य एकस्व हक्क 1931 सालचा. 1936 साली त्यांनी बेंडिक्स कंपनीशी नवा तह केला, परंतु या यंत्राला खरा आश्रय मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा चिलखती गाड्या मानवी हाताला वळेनाशा झाल्या आणि सैन्याला किमतीचा विचार करण्याची सवड नव्हती. युद्ध संपले, एकस्वाची सतरा वर्षांची मुदत संपली, आणि 1951 साली क्रायस्लर कंपनीने इंपीरिअल या आपल्या थोर गाडीत हेच तत्त्व हायड्रागाइड या नावाने विक्रीस आणले. मुदत संपलेल्या एकस्वापोटी डेव्हिस यांना त्यातून काही मिळाले नाही; मात्र प्रतिस्पर्ध्याने आघाडी घेतलेली पाहून जनरल मोटर्सने त्यांच्याशी पुन्हा संधान बांधले आणि लगोलग कॅडिलॅक गाड्यांत पॉवर स्टिअरिंग आले. पाव शतक कार्यशाळेत वाट पाहणाऱ्या या माणसाचे नाव आज मोटारदुरुस्तीच्या धंद्यातही फारसे कोणाला ठाऊक नसावे, ही गोष्ट मला लागते.

येथून पुढे शोधकाचा इतिहास संपतो आणि दुरुस्तीचा सुरू होतो. मिशिगन राज्यातील सॅगिनॉ या गावी जनरल मोटर्सचा स्टिअरिंगचा स्वतंत्र कारखाना होता, आणि तेथे निघालेला पात्यांचा पंप पुढे इतक्या गाड्यांत बसला की त्याच्या निदानाची रीत हीच साऱ्या धंद्याची रीत झाली. हा पंप खोलून पाहिला तर आत एक मुठीएवढे फिरते चक्र दिसते. त्याच्या परिघावर खाचा असतात, प्रत्येक खाचेत पोलादाचे एक पातळ पाते सैल बसवलेले असते, आणि चक्र गरगरू लागले की ही पाती बाहेर फेकली जाऊन भोवतालच्या लंबवर्तुळाकार कड्याला घासत जातात. दोन पात्यांमधली पोकळी कड्याच्या रुंद भागात तेल ओढून घेते आणि अरुंद भागात तेच तेल पिळून पुढे सारते. पात्यांची टोके व कड्याची आतली बाजू नव्या पंपात आरशासारखी लखलखते. तेलाविना चाललेल्या पंपात त्याच कड्यावर बोटाच्या नखाला लागतील असे आडवे चरे उठलेले असतात, आणि ते एकदा उठले की नवे तेल भरून पंप गप्प होत नाही.

साठ-सत्तर वर्षांच्या वहिवाटीत मिस्त्रींनी आवाजांची जी वर्गवारी केली ती मला मोठी मार्मिक वाटते, कारण तिच्यात प्रत्येक आवाजाबरोबर तो कोणत्या क्षणी होतो याचीही नोंद असते. इंजिन सुरू होताच किंवा चाक टोकाला नेताच किंचाळी उठून लगेच विरली, तर पंपाला दोष देण्याचे कारण नाही. त्या क्षणी पंपावर सर्वाधिक भार असतो आणि सैल किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला पट्टा पुलीवर घसरतो. आवाज इंजिनाच्या गतीबरोबर चढत-उतरत असेल, चाक वळवताना घुमत असेल आणि डबीचे झाकण काढताच तेलावर फेस व दुधाळ गुलाबी छटा दिसत असेल, तर तेलात हवा शिरली आहे. ही हवा बहुधा पंपाच्या ओढणीच्या बाजूने येते. तेथे नळीत दाबाऐवजी शोषण असते, म्हणून सैल झालेली क्लिप तेल बाहेर टाकीत नाही, हवा आत घेते, आणि बाहेरून सांधा कोरडा ठणठणीत दिसतो. फेस नाही, तेल पुरते आहे, तरीही थंडीत पहिली काही मिनिटे पंप घुमतो आणि मग शांत होतो, असे असेल तर दाट झालेले तेल किंवा डबीच्या तळाशी गाळाने चोंदलेली जाळी पंपाची उपासमार करीत आहे असे समजावे; अशा वेळी तेलात पोकळ बुडबुडे निर्माण होतात आणि दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात, त्यांचाच तो ध्वनी. सतत खरखर, चाक न वळवताही, म्हणजे बेअरिंग किंवा चरे पडलेले कडे. खड्ड्यातून जाताना होणारा ठोका मात्र तेलाच्या खात्यात मुळीच जमा करू नये. तो टाय रॉडचा, रॅकच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या आडव्या दातेरी दांड्याच्या, रबरी बुशांचा किंवा स्टिअरिंगच्या दांड्यातील सांध्याचा असतो.

चाक पूर्ण टोकाला नेऊन धरले असता जो फुसफुसाट होतो, रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारल्यावर होतो तसा, तो दोष नव्हेच. वाट पूर्ण मिटली की दाब दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात, कित्येक गाड्यांत त्याहूनही बराच वर जातो, आणि तो अमर्याद वाढू नये म्हणून ठेवलेली सुरक्षा झडप उघडून तेल स्वतःच्याच फेऱ्यात पळू लागते. सरळ रस्त्यावर हाच दाब शंभर-दीडशेच्या आसपास असतो. टोकाला चाक चार-पाच सेकंदांहून अधिक धरू नये असे बहुतेक कारखान्यांच्या पुस्तिका बजावतात ते एवढ्यासाठीच. कोंडलेले तेल पाहता पाहता तापते आणि पंपाचे आयुष्य खाते.

1980 च्या दशकात अमेरिकेत एक चमत्कारिक तक्रार पसरली. जनरल मोटर्सच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांचे स्टिअरिंग सकाळी, विशेषतः थंडीत, दगडासारखे जड असे आणि इंजिन तापले की आपोआप हलके होई. गॅरेजवाल्यांनी तिचे नाव सकाळचा आजार असे ठेवले. कित्येक पंप उगाच बदलले गेले. मूळ दोष झडपेच्या घरात होता: अॅल्युमिनियमच्या त्या घरात फिरणाऱ्या टेफ्लॉनच्या कड्यांनी मऊ धातूत बारीक खाचा कोरल्या होत्या, त्यातून दाबाचे तेल आतल्या आत एका बाजूकडून दुसरीकडे पळे, आणि धातू व कडी तापून फुगली की ती फट तात्पुरती बुजे. तेलाचा एक थेंबही बाहेर न पडता झालेली ही गळती होती. गळती म्हणजे जमिनीवरचा डाग, ही समजूत मिस्त्री मंडळींनी तेव्हापासून सोडली.

आता तेलाविषयी. पॉवर स्टिअरिंगचे स्वतंत्र तेल असे प्रारंभी नव्हतेच. स्वयंचलित गिअरसाठी जनरल मोटर्सने 1949 साली ठरवलेले टाइप ए नावाचे तेल यातही घालीत. त्या तेलातील एक घटक स्पर्म जातीच्या देवमाशाच्या चरबीपासून काढलेला असे. हजारो कोस दूर समुद्रात मारलेल्या प्राण्याची स्निग्धता शहरातील मोटारींच्या यंत्रात फिरत होती, ही गोष्ट आज वाचताना मन अस्वस्थ होते. 1970 नंतरच्या अमेरिकन कायद्यांनी ती वहिवाट बंद पाडली. त्यापूर्वीच, 1967 पासून, डेक्सरॉन या नावाने तेलाच्या नव्या पिढ्या निघू लागल्या होत्या, फोर्डने आपली निराळी जात ठेवली, जर्मन गाड्यांनी हिरवे कृत्रिम तेल पत्करले. लाल रंग घालण्याचा हेतू साधा आणि शहाणपणाचा होता: गाडीखालचा डाग इंजिनच्या काळ्या तेलाचा की या तेलाचा, हे पाहताक्षणी कळावे.

तेलाची जात चुकल्याने काय अनर्थ होतो याचा सर्वांत बोलका दाखला फ्रान्सचा आहे. 1955 साली सीत्रोएन कंपनीने डीएस ही गाडी आणली. तिचे सस्पेन्शन, ब्रेक, गिअर आणि स्टिअरिंग ही सर्व एकाच तेलाच्या दाबावर चालत. पहिले तेल हवेतील आर्द्रता शोषून घेई आणि आतल्या धातूला गंज चढवी, म्हणून 1966 च्या सुमारास कंपनीने हिरवे खनिज तेल आणले. दोन्ही तेलांना लागणारी रबरे भिन्न होती. एकाच्या गाडीत दुसरे ओतले की साऱ्या गाडीतील वेष्टणे नासत. नव्या पद्धतीचे भाग हिरव्या रंगाने रंगवण्याची दक्षता कंपनीने घेतली ती हा घात टळावा म्हणून. आपल्याकडे हाच घात अधिक स्वस्तात घडतो. डबी रिकामी दिसली आणि हाताशी ब्रेक ऑइलची बाटली असली की कोणी भला चालक तीच उपडी करतो. त्या द्रवाची आणि खनिज तेलासाठी घडवलेल्या रबराची जात जमत नाही, सील फुगतात, मऊ पडतात, आणि जो पंप केवळ एका क्लिपेने बरा झाला असता तो समूळ खोलावा लागतो.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध प्रथम विरहाचा आहे. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता, आणि क्रायस्लर घराण्याच्या डॉज व प्लिमथ गाड्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीत कुर्ल्याला जुळवल्या जात. म्हणजे ज्या दोन अमेरिकन कंपन्यांनी 1951-52 मध्ये पॉवर स्टिअरिंग बाजारात आणले, त्या दोहोंच्या गाड्या तेव्हा मुंबईतच जुळवल्या जात होत्या. परंतु टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने देशात सुटे भाग न घडवणाऱ्या, केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांचा मार्ग बंद केला. 1954 साली शिवडीचा कारखाना बंद पडला, कुर्ल्याने लहानशा फियाटचा मार्ग धरला, आणि जेथे पॉवर स्टिअरिंग पन्नासच्या दशकातच येऊ शकले असते तेथे मोटारींत ते आणखी साडेतीन दशके आले नाही. धोरण चुकले असे मी म्हणणार नाही. सुटे भाग घडवणारा जो उद्योग पुढे पुणे-पिंपरी पट्ट्यात उभा राहिला त्याचे मूळ त्याच निर्णयात आहे. तरी त्याची किंमत मात्र चालकांच्या खांद्यांनी मोजली. 1948 साली पुणे-नगर मार्गावर धावू लागलेल्या एस.टी.चे चालक कित्येक वर्षे जड चाकांनीच आंबोली, कसारा, वरंधा असे घाट चढत-उतरत राहिले, आणि वळणावर चालक आसनावरून अर्धवट उठून अंगाच्या भाराने चाक ओढीत असल्याचे दृश्य त्या पिढीतील प्रवाशांना अपरिचित नाही.

1981 साली जर्मनीच्या झेड.एफ. कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने पुण्याजवळ स्टिअरिंग गिअरची कंपनी स्थापन झाली, आणि तिचा कारखाना शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आला. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या या गावाचे नाव अवजड वाहनांच्या स्टिअरिंगच्या पेट्यांशी जोडले जावे, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाला थबकवणारा आहे. ट्रक आणि बसना प्रथम, आणि मोटारींना 1990 नंतर, असा या यंत्राचा आपल्याकडील प्रवेश झाला. एस्टीम, सुमोच्या पुढच्या आवृत्त्या, इंडिका, सँट्रो, आणि 2002 साली नाशिकहून निघालेली स्कॉर्पिओ, ही नावे आज गॅरेजमध्ये तेलाच्या पॉवर स्टिअरिंगच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्यांची आहेत.

आमच्या मिस्त्रींची पूर्वीची विद्या ग्रीसची होती. अँबॅसिडर आणि पद्मिनी यांच्या स्टिअरिंगमध्ये बॉल जॉइंट, बुश आणि ग्रीसगन एवढाच प्रपंच असे. तेलाच्या दाबाचे शास्त्र त्यांना कोणी वर्गात बसवून शिकवले नाही. ट्रकांचे काम केलेले फिटर, कंपनीच्या वर्कशॉपमधून बाहेर पडून स्वतःचे शेड टाकणारे वस्ताद, आणि हात काळे करून शिकलेली पोरे यांच्यामार्फत ती विद्या पेठांत आणि महामार्गांच्या कडेला पसरली. अशा एका शेडमध्ये गळतीचा शोध चालला असताना मी पुष्कळ वेळ उभा राहिलो आहे. मालक सांगत होते, “महिन्याला अर्धी बाटली टाकावी लागते, पण खाली एक थेंब नाही.” वस्तादांनी मान हलवली. “साहेब, हे तेल जळत नाही की उडून जात नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गेलंय.” त्यांनी पोराकडून आधी सारा भाग रॉकेलने धुवून कोरडा पुसून घेतला, कारण जुन्या मळावर नवी गळती दिसत नाही, गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला, इंजिन चालू ठेवून चाक दोन्ही बाजूंना सावकाश फिरवायला लावले. मग पाठीवर आडवे होऊन त्यांनी रॅकच्या डाव्या टोकाचा रबरी बूट दोन बोटांत धरून हळूच दाबला. आतून ओलसर, जड असा डुबडुब स्पर्श झाला असावा, कारण त्यांनी लगेच बुटाची बारीक क्लिप सोडली आणि तपकिरी झालेले तेल धारेने पुठ्ठ्यावर आले. रॅकच्या टोकाचा सील गेला होता. तेल बाहेर न पडता बुटात साठत होते, आणि दोन्ही बुटांना जोडणाऱ्या हवेच्या नळीतून दुसऱ्या बाजूलाही पोचत होते. महिनोन्महिने टाकलेले तेल तेथे जसेच्या तसे जमा होते.

गळतीची इतर ठिकाणेही त्यांच्या बोटांवर मोजलेली होती: दाबाच्या नळीचे आवळलेले टोक, जेथे रबर आणि धातूचा सांधा असतो, पंपाच्या दांड्याचा सील, ज्यातून निघालेले तेल पुली चारही दिशांना उडवते आणि म्हणून मूळ जागेऐवजी भोवतीचे सारे भिजलेले दिसते, पिनिअनच्या दांड्यावरचा सील, ज्याचे तेल कधी कधी थेट चालकाच्या पायाशी उतरते, आणि ट्रकांच्या पेटीत खालच्या बाजूस असलेला जाड दांड्याचा सील. वरून खाली वाहणाऱ्या तेलाचा उगम नेहमी सर्वांत वरच्या ओल्या जागेत शोधावा, हा नियम ते पोराला ओरडून सांगत होते.

चाक जड झाले असता पंप दोषी की रॅक, हा वाद मिटवण्याचे खरे साधन म्हणजे दाबाचे घड्याळ. पंप आणि रॅक यांच्या मधल्या नळीत ते जोडावयाचे, त्याच्या पुढची तोटी क्षणभर, पाच सेकंदांच्या आतच, मिटावयाची. तोटी मिटताच काटा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला भिडला तर पंप निर्दोष आणि गळती पुढे रॅकमध्ये, न भिडला तर पंपच अशक्त. इतकी स्वच्छ साक्ष देणारे हे साधन लहान गॅरेजांत क्वचितच आढळते, हे खेदाचे आहे. ते नसल्याने अंदाजाने पंप बदलला जातो, मालकाचे हजारो रुपये जातात आणि चाक पुन्हा जड ते जडच राहते. बाटलीतून मिळणाऱ्या गळतीबंद औषधांविषयीही माझे मत स्पष्ट आहे: ती रबर फुगवून काही आठवडे फट बुजवतात, परंतु तेच रबर पुढे अधिक मऊ होऊन जाते, आणि नंतर खोलणाऱ्या मिस्त्रीला खरा दोष ओळखता येत नाही. नवा पंप किंवा नळी बसवल्यावर घाईने इंजिन चालू करणे हाही तसाच अपराध आहे. पुढची चाके घोडीवर उचलून, इंजिन बंद ठेवून, तेल भरत भरत चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा संथपणे फिरवले की हवा डबीत बुडबुड्यांनी वर येते. बुडबुडे थांबल्यावरच किल्ली फिरवावी.

1988 साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत कोयो कंपनीने विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग बसवले, आणि कोलंबिया ट्रकावरचा 1903 चा मूळ विचार पंचाऐंशी वर्षांनी मोटारींच्या बाजारात रुजू झाला. त्यात पंप नाही, पट्टा नाही, तेल नाही. चाक न वळवता इंजिनावर भारही पडत नाही. आपल्याकडील नव्या लहान गाड्या जवळजवळ सर्वच आता या पद्धतीच्या आहेत, म्हणजे महाराष्ट्रातील मोटारींच्या बाबतीत तेलाच्या स्टिअरिंगचा अंमल जेमतेम दोन-अडीच दशकांचा ठरला. ट्रक, एस.टी. आणि जेसीबी यांत मात्र तेलाचाच दाब अजून राबतो, कारण तेवढ्या ओझ्याला वळवण्याचे बळ लहान मोटरला सहज झेपत नाही.

गाड्या गेल्या तरी त्यांचे सुटे भाग मागणारे उरतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईला ऑपेरा हाउसच्या बाजूला जुन्या एस्टीमच्या रॅकचा सील-किट विचारला तर दुकानदार हल्ली गाडीचे नाव विचारून थांबत नाही. तो जुना सील मागतो, कॅलिपरने त्याचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजतो, आणि ट्रॅक्टरच्या किंवा एखाद्या औद्योगिक यंत्राच्या खोक्यातून त्या मापाचा सील काढून काउंटरवर ठेवतो. तो सील गरम तेलात टिकणाऱ्या जातीच्या रबराचा आहे ना, एवढे गिऱ्हाइकाने त्याला विचारून घ्यावे.